पत्र्याखालचा थर

अण्णा,

आपल्या घरात पत्र्याखाली परवा छत बसवून घेतलं. तुम्ही असता तर बसवू दिलं नसतं, आणि तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली म्हणूनच मी ते बसवू शकले, हेही खरं. दुपारचे अडीच वाजलेत. बाहेर असं ऊन आहे की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि आई तिच्या बाजेवर झोपली आहे. नुसती पडलेली नाही, चांगली घोरते आहे. या घरात उन्हाळ्याच्या दुपारी कुणी झोपलेलं मी कधी पाहिलेलं नाही. दुपारी आपण सगळे अंगणातल्या लिंबाखाली असायचो, नाहीतर देवळात. मी तिच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसले आहे आणि शाळेतून आणलेल्या कोऱ्या पुरवण्यांवर हे लिहिते आहे. खरं तर पेपर तपासायला आणले होते, ते पिशवीतच आहेत.

मागच्या वैशाखात आई याच बाजेशेजारी पडली. शेजारची काकू विरजण मागायला आली म्हणून कळलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. मी नांदेडहून पोचले तेव्हा तिला औशाला दवाखान्यात नेऊन सलाईन लावलेलं होतं. डॉक्टर तरुण होता. त्यानं मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, "मॅडम, या वयात पत्र्याच्या घरात असा अजून एक उन्हाळा निघणार नाही. एक तर घर बदला, नाहीतर छताचं काहीतरी करा." घर बदलणं म्हणजे नांदेडला आमच्याकडे येणं. ती एकदा आली होती, चार दिवस. आमच्या डोक्यावर आणखी दोन मजले आहेत हे तिला लिफ्टमध्ये कळलं आणि तिनं चारही रात्री गॅलरीत काढल्या. पाचव्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभी. "मला मपल्या पत्र्याखाली नेऊन सोड. तिथं मेले तर घामानं मरंन, दबून तर न्हाई मरायची." कूलर घेऊन दिला, तर त्याला रोज दोन घागरी पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात आपल्या गावात नळ किती दिवसांनी येतो हे तुम्हाला सांगायला नको. पत्र्याला वरून पांढरा रंग मारला, तर वानरांनी आणि धुळीनं दोन महिन्यांत त्याची पार रया घालवली. राहिलं ते छताचं काहीतरी करणं.

आपल्या घरात हा विषय कुणी काढत नव्हतं. डोक्यावर काही नको, हा तुमचा कायदा होता. छताला पंखा नाही. माळा नाही, फळी नाही, साधं शिंकंसुद्धा नाही. आईचे सगळे डबे, बरण्या, तांब्याचा हंडा स्वयंपाकघरात भिंतीच्या कडेनं जमिनीवर मांडलेले. पाहुण्या बायका हसायच्या, म्हणायच्या, "काय बाई, वैनीनं घरातच बाजार मांडलाय." आई हसण्यावारी न्यायची आणि पुन्हा वाकून डाळीचा डबा शोधायची. तिची कंबर त्या वाकण्यानं गेली असं मला आजही वाटतं. बाजा दाराशी, आणि दाराला कडीऐवजी दोरी, एका हिसक्यात सुटेल अशी. आमच्या नांदेडच्या वास्तुशांतीला तुम्ही आलात, उंबऱ्यात उभे राहून वर पाहिलंत, "चांगलं हाय" म्हणालात आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन बसलात. तुमचं ताट मी खाली आणून दिलं. तुमच्या जावयांकडचे लोक बघत होते आणि मला तुमची लाज वाटली. तुम्ही लातूरहून एसटीत मांडीवर धरून एक टेबलफॅन आणला होता. तो माझ्या हातात देऊन म्हणालात, "वरचा टांगलेला काढून टाक." मी हो म्हणाले आणि काढला नाही.

आणि हाच माणूस एकेकाळी आसपासच्या गावांत माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, माती टाकायला बोलावला जायचा. मी नांदेडजवळच्या लोहा गावातल्या शाळेत नववीला उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक शिकवते, पण दुर्वाहक म्हणजे काय ते मी पुस्तकाआधी तुमच्याकडून शिकले. खाली जाड तुळया, त्यावर फळ्या, त्यावर निरगुडीचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर गढीच्या टेकाडातून खणून आणलेली पांढरी माती. ती तुम्ही आधी पायानं तुडवायचा आणि मग लाकडी चोपण्यानं बसवत उलट्या पावली मागे सरकत जायचा. तुमच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटलेला असायचा आणि खाली घरात मात्र रांजणाजवळ बसल्यासारखं गार. दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती पडायची, पावसात गळू नये म्हणून. जुनी कुणी काढत नव्हतं. जुनीवर नवी, तिच्यावर आणखी नवी. आजोबांनी टाकलेली, तुम्ही टाकलेली. काढायची असते हे कुणाच्या मनातच आलं नाही, कारण थर वाढले की घर आणखी गार होई, आणि गार घर म्हणजे चांगलं घर.

आत्याच्या गावाला तुम्ही दर वैशाखात जायचा. तिच्या सासरी माती टाकणारी माणसं होती, तरी तिच्या घराचं माळवद तुम्हीच करायचा, आणि आपल्या गढीच्या पांढरीची एक गोणी इथून गाडीत घालून न्यायचा. दुसरे भाऊ बहिणीला लुगडं नेतात, तुम्ही माती नेता, म्हणून आई तुम्हाला चिडवायची. तुम्ही म्हणायचा, "लुगडं वर्षात फाटतंय. बहिणीच्या डोक्यावर माहेरची माती पाहिजे." त्या वर्षी मी दहा वर्षांची होते आणि तुमच्याबरोबर आले होते. आत्याला मूलबाळ नव्हतं. ती मला धपाट्यावर लोणी घालून द्यायची, माझे केस विंचरताना एक गाठ सोडवायला अर्धा तास लावायची, आणि मी कितीही बडबडले तरी गप्प बस म्हणायची नाही. तीन दिवसांत तुमचं काम उरकलं. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं, असं तुम्ही म्हणालात. मला निघायचं नव्हतं. तुम्ही हौदावर हात धूत होतात तिथं मी आले आणि म्हणाले, "अण्णा, आत्या म्हणती, दुपारचं लई तापतंय. अजून एक थर टाका." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. "आसं म्हणली का? मग टाकावं लागंल." दोन दिवस वाढले. त्या दोन दिवसांत मी पोट फुटेस्तोवर आंबे खाल्ले.

आत्या तसं काही म्हणाली नव्हती. हे मी आज पहिल्यांदा लिहून ठेवते आहे.

त्याच वर्षी, गणपती बुडवून लोक निजले होते त्या पहाटे जमीन हलली. आपल्या गावात भिंतींना भेगा पडल्या, एक गोठा बसला. आत्याच्या गावात उभं काही राहिलं नाही. तिचा नवरा बाहेर ओट्यावर झोपला होता, तो वाचला. ती आत होती. तुम्ही उजाडताच निघालात आणि चौथ्या दिवशी परत आलात. तुमच्या नखांत पांढरी माती होती आणि ती तुम्ही किती दिवस धुतली नाहीत. मग एका सकाळी फावडं घेऊन तुम्ही आपल्याच माळवदावर चढलात आणि एकट्यानं सगळी माती खाली ओढलीत. कापलेल्या कडेला थर दिसत होते, एकेका सालाचा एकेक. मी बोट लावून मोजायला लागले तर तुम्ही ओरडलात. मग पत्रे आले. भेटायला येणाऱ्या माणसांशी तुम्ही एकच वाक्य बोलायचा, "एक थर जास्तीचा झाला. म्याच टाकला." मी दाराआडून ऐकायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बाहेर जावं आणि सांगावं की तिनं मागितलाच नव्हता. गेले नाही. दगडमातीच्या त्या भिंती तो थर असता-नसता तरी पडल्याच असत्या, हे आज मला कळतं. ज्या घरांवर त्या वर्षी मातीची पाटीसुद्धा पडली नव्हती तीही तशीच पडली. हे तुम्हाला सांगायचं तर आधी ते दुसरं सांगावं लागलं असतं, म्हणून मी हेही सांगितलं नाही.

मी चौदाची असताना एका मे महिन्यात, तुम्ही शेतात गेल्यावर, मी पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या चढवल्या आणि त्यावर ओली पोती टाकली. आई खालून नको नको म्हणत होती, पण पेंढ्या तीच वर देत होती. तासाभरात घर निवलं. आम्ही दोघी आत बसून कलिंगड खाल्लं आणि मला वाटलं, तुम्ही आलात की खूश व्हाल. तुम्ही आलात, दारातून वर पाहिलंत, आणि चप्पल काढून शिडी चढलात. चप्पल का काढलीत ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक माळवदावर चढायची सवय. तापल्या पत्र्यावर अनवाणी उभे राहून तुम्ही एकेक पेंढी खाली फेकलीत. खाली उतरलात तेव्हा तळपायांना फोड आले होते. "या घरावर काही टाकायचं न्हाई. पुन्हा सांगणार न्हाई." आई कोरफड कापून आणून तुमच्या पायांना लावत होती आणि मी तुमच्यासमोर उभी राहून म्हणाले, "तुमच्यापायी आम्ही या पत्र्याखाली भाजून मरणार आहोत." मरताना मात्र तुम्ही एकटेच मेलात, वैशाखातच, याच पत्र्याखाली. जेवल्यावर लिंबाखाली न जाता "जरा पडतो" म्हणालात आणि उठला नाहीत. डॉक्टरांनी कागदावर हृदय असं लिहिलं. मी तेव्हा नांदेडला पेपर तपासत होते, त्याच टांगलेल्या पंख्याखाली. माझं ते वाक्य मी तेव्हापासून विसरू शकलेले नाही, आणि तुम्ही ते विसरला होतात का, हे विचारायला आता कुणी नाही.

म्हणून आईचं ठरवताना मला चूक करायची नव्हती. नांदेडला जुन्या मोंढ्याकडं छताचं सामान विकणारं एक दुकान आहे, तिथं मी फाल्गुनात चार शनिवार गेले. थर्माकोल हलका, पण उंदीर त्यात पिल्लं घालतात आणि आई अजून भाकरीसाठी चूल पेटवते, एक ठिणगी वर गेली की संपलं. चंदेरी फुग्यांच्या कागदाला वजनच नाही, पण नुसत्या त्याच्यानं आपल्या पत्र्याचं काही होणार नाही हे दुकानदारानंच सांगितलं. काचेच्या कापसाचे कण अंगाला खाजवतात, आणि आईला दमा. शेवटी त्यानं एक करडी-हिरवट पाटी काढली, दोन बोटं जाडीची, दाबलेल्या लोकरीसारखी. "हे घ्या मॅडम, रॉकवूल. दगड वितळवून त्याचा कापूस करतेत. जळत न्हाई, उंदीर खात न्हाई." दगड म्हटल्यावर मी ती काउंटरवर परत ठेवली. "अंगावर पडली तर?" मी विचारलं. तो हसला. "पडती कशाला? आम्ही बसवून देऊन राहिलो नं. गिऱ्हाईक इचारतंय गरम किती कमी होईल, अन् तुम्ही मघापासून पडायचंच इचारून राहिल्या." मी म्हणाले, "मी औशाकडची आहे." त्याचं हसू गेलं. त्यानं ती पाटी उचलून माझ्या हातात दिली, म्हणाला, "घरी घेऊन जा. ज्यांच्यासाठी हाय त्यांला दाखवा. फक्त पत्रा गळू देऊ नका, मॅडम. भिजली की जड होती." तो सहज बोलला. माझ्या डोळ्यांपुढं त्या वर्षीची माती आली, चार महिन्यांचं पाणी प्यालेली.

पाटी घेऊन मी गावाला आले. आई तांदूळ निवडत होती. कशाचं आहे विचारल्यावर मी म्हणाले, कापसासारखं असतं. तिनं बोटानं दाबून पाहिलं, वास घेतला, आणि मग बाजेवर जाऊन उताणी झाली. "ठेव मपल्या अंगावर."

"आई, काय करलालीस हे?"

"ठेव म्हणते नं. छातीवर ठेव."

मी ठेवली. तिनं डोळे मिटले. थोडा वेळ तशीच पडून राहिली, मग दोन्ही हात खाली घालून पाटी वर उचलली आणि बाजूला सारली. "उठतंय," ती म्हणाली. "तुझ्या आत्याला उठलं नसतंय. आसलं आसंल तर टाक वर. पण एकच थर. दुसरा नको." एवढं बोलून ती परत तांदळाकडं गेली, आणि मी तिथंच बाजेच्या काठावर बसून रडायला लागले. बेचाळीस वर्षांची बाई, पण आवरेना. मी तिला सगळं सांगितलं. आत्या काही म्हणाली नव्हती, मीच खोटं बोलले, मला राहायचं होतं.

आई तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "त्यांला ठाव होतं."

"कुणाला?"

"तुझ्या बापाला. त्याच दिशी इचारलं की त्यांनी बहिणीला. ती म्हणली, म्या कवा म्हणलं? पोरीला ऱ्हायचं आसंल. दोघं लई हासले म्हणं. तुझ्यापायी ऱ्हायले दोन दिस. आन् रिकामं बसून करायचं काय, म्हणून टाकला थर."

"मग मला कधी बोलले कसे नाहीत?"

"काय बोलावं लेकराला? मला बी म्हणले, तिच्या कानावर जाऊ दिऊ नको. ती इसरली आसंल."

मी विसरले नव्हते, अण्णा. तुम्हाला वाटलं मी विसरले, मला वाटलं तुम्हाला ठाऊक नाही, आणि आपण दोघं इतकी वर्षं एकाच घरात एकमेकांपासून तेच लपवत राहिलो. "म्याच टाकला" हे तुम्ही माणसांना का सांगायचा, ते मला आता कळलं. कुणी मागितला, कशाला टाकला, असा पुढचा प्रश्न कुणी विचारूच नये म्हणून. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला तुमचा राग आला. एकदा, नुसतं एकदा, मला जवळ बसवून म्हणाला असता की बाई, तुझा काही दोष नाही, तर मी त्या दिवशी तुमच्या भाजलेल्या पायांसमोर उभी राहून ते वाक्य बोलले नसते. आणि मग कदाचित तुम्हीही कडबा वर राहू दिला असता, आणि आज या बाजेवर दोघं असता. असा विचार करण्यात अर्थ नाही हे मला कळतं. तरी मी तो रोज करते.

त्या पाटीचं मग मी नांदेडला नीट पाहून घेतलं. आमच्या गच्चीवर चार विटांवर पत्र्याचा तुकडा ठेवला, त्याखाली एक पाटी, तिच्याखाली शाळेतला तापमापी. दुपारभर दर अर्ध्या तासानं जाऊन वाकून बघत होते. शेजारीण विचारायला आली की पापड घातलेत का. दुसऱ्या दिवशी दुकानातून आणखी एक पाटी आणून दोन ठेवल्या. एका पाटीखाली माझा हात दुपारी पोळत नव्हता, पण गरम लागायचा, बंद खोलीसारखा. दोन पाट्यांखाली तो सावलीत ठेवल्यासारखा राहायचा. तापमापीही तेच सांगत होता. एका थरानं आईची भोवळ आणणारी दुपार नुसती घामाची झाली असती, गार नाही. वैशाख अजून यायचा होता. त्या संध्याकाळी मी दिवाणखान्यात जमिनीवर उताणी झाले आणि तुमच्या जावयांना दोन्ही पाट्या माझ्या छातीवर ठेवायला सांगितल्या. त्यांनी काही न विचारता ठेवल्या. मी उचलल्या. सहज उचलल्या. पण माझे हात बेचाळीसचे आहेत आणि आईचे सत्तरीच्या पुढचे, आणि तिच्या मनगटात आता तांब्याही ठरत नाही. तिच्याकडून दोन उचलून बघायला मी सांगितलं नाही. न उठल्या तर ती छतच नको म्हणाली असती.

परवा नांदेडहून माणसं आली. आधी मी त्यांच्याकडून पत्र्याचा एकेक स्क्रू तपासून घेतला, जिथून गळू शकेल तिथं पाणी अडवणारा रबरी डिंक भरला, वरून पाण्याच्या बादल्या ओतून पाहिल्या. सांगाडा भिंतीवर टेकवू दिला नाही, सगळा लोखंडी अँगलला कसून घेतला. त्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, एवढं तर आम्ही दवाखान्याला पण करत न्हाई." पाट्या चढवायच्या वेळी मी आईला लिंबाखाली बसवून तिच्याकडं शेवग्याच्या शेंगा सोलायला दिल्या, आणि ती शेंगांत गुंतलेली असताना काम उरकून घेतलं. खालून पांढऱ्या पट्ट्या लागल्या की वर काय आहे ते कुणाला दिसत नाही.

आता मी लिहिता लिहिता वर बघते आहे. पट्ट्या सरळ आहेत, कुठं फुगवटा नाही. मृग लागला की मी काय करणार ते मला माहीत आहे. प्रत्येक सरीला नांदेडहून फोन करून विचारणार, वर कुठं ओल दिसते का. हे कागद मी इथं ठेवणार नाही. आईला वाचता येत नाही, पण शेजारची मुलगी तिला आलेलं सगळं वाचून दाखवते. पेपरांच्या गठ्ठ्यात घालून परत नेईन आणि निकालानंतर गठ्ठे जातात तिकडं हेही जातील.

मघाशी जेवण झाल्यावर आई बाजेवर आडवी झाली. किती तरी वेळ वर बघत होती. मग हात वर करून, जणू तिथपर्यंत पोचणार आहे असं, म्हणाली, "गार लागलालंय गं. एकच थर हाय न्हवं?"

"एकच," मी म्हणाले. तिनं कूस बदलली आणि झोपली.

दोन आहेत, अण्णा.